गोड्या पाण्यातले परके मासे आणि बोटींचा रस्ता: गोव्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

पावसाळा आला की मला तेच तेच प्रश्न येतात, कोण फोटो पाठवतं, कोण विचारतं हा कुठला मासा, कोण म्हणतं बार्जीवाल्यांनी (नदीतून खनिज नेणाऱ्या मालबोटी त्या बार्जी) आणला. दर वेळी वेगवेगळं टाईप करून बोटं दुखली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी काही मत्स्यशास्त्रज्ञ नाही, साखळीच्या बाजूला राहतो, मासे पकडायची आणि माशांबद्दल वाचायची दोन्ही खाज आहे, एवढंच.

गोव्यात समुद्राची मासळी सोडून हा विषय काढायचं कारण काय?

कारण एक रात्र. जूनचा पहिला मोठा पाऊस, ओहळ भरून शेतात घुसलेला, आणि आम्ही नेहमीप्रमाणे चढणीचे मासे धरायला बॅटऱ्या घेऊन बाहेर पडलो. काका पुढे, मागे मी, माझ्या मागे बहिणीचा मुलगा, बारा वर्षांचा. बांधाच्या कडेला पाणी उथळ होतं तिथे काहीतरी काळं पडलेलं, हललं म्हणून काकांनी टोपली घातली. उचलून बघतो तर अंगावर खवलं नाहीत, फणसाच्या सालीसारखे टणक कंगोरे, पाठीवर शिडासारखा उभा पंख, आणि तोंड खाली पोटाच्या बाजूला, गोल, वाटीसारखं. काका पन्नास वर्षं या ओहळात मासे धरतायत, त्यांना नाव सांगता येईना. दोनदा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, हा आपला नव्हे. आणि तो पोरगा मागून म्हणतो, अहो आजोबा हा तर फिश टँकमधला क्लीनर आहे, आमच्या वर्गात तिघांकडे आहे!

म्हणजे ज्याला नदी माहीत त्याला मासा माहीत नाही आणि ज्याला मासा माहीत त्याने तो नदीत कधी बघितलेला नाही. तिथून मी हे सगळं वाचायला लागलो.

परका मासा म्हणजे वाईटच का?

नाही हो. तसं म्हटलं तर काजू पण परका, ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणला, आणि मिरची पण तिकडचीच, म्हणून आपण हुमण करायचं सोडलंय का. रोहू-कटला सुद्धा मूळचे गंगेकडचे, भारतीय असून पश्चिम घाटातल्या नद्यांना परकेच. परका मासा आला, चार दिवस जगला, मेला, तर कोणाला काही फरक पडत नाही. त्रास कधी, तर तो स्वतःहून वाढायला लागला, पसरायला लागला, आणि इथल्या माशांचं खाणं, अंडी घालायच्या जागा नाहीतर थेट पिल्लंच खायला लागला तर. त्याला आक्रमक म्हणतात. शंभर परक्यातले थोडेच असे निघतात पण जे निघतात ते पिढ्यान् पिढ्या जात नाहीत.

बोटीतून मासे जातात म्हणजे नेमके कसे? तिकीट काढून?

जवळपास तसंच म्हणा. मोठ्या जहाजात माल नसेल तर ते पाण्यावर फार उंच तरंगतं, हेलकावे खातं, म्हणून पोटातल्या टाक्यांमध्ये बंदरातलंच पाणी भरून घेतात, वजन म्हणून. हे बॅलास्टचं पाणी. त्या पाण्याबरोबर अंडी, पिल्लं, शिंपल्यांची डोळ्याला न दिसणारी पोरं, सगळं आत जातं. मोठ्या जहाजात हे पाणी हजारो टन असतं. मग जहाज दुसऱ्या देशातल्या बंदरात जातं, माल भरायला घेतं आणि पाणी तिथे सोडून देतं. झालं, पाहुणे उतरले.

दुसरा प्रकार बोटीच्या तळाला चिकटून. शिंपले, कालवं तर चिकटतातच, पण काही मासे अंडी चिकटवायला सांधी-कपारी शोधतात आणि बोटीच्या तळाला अशा जागा भरपूर.

तिसरा प्रकार मला वाचेपर्यंत सुचला पण नव्हता. नदीत एकापाठोपाठ एक बार्जी जोडून ढकलत नेतात ना अमेरिकेत, त्या दोन बार्जींच्या मधे जी खाच राहते तिथलं पाणी बार्जीबरोबरच पुढे सरकतं, आणि त्यात अडकलेले बारके मासे फुकटात वाहून जातात, अगदी माशांना अडवायला पाण्यात विजेचा पट्टा लावलाय त्याच्यावरून सुद्धा.

आणि चौथा प्रकार, ज्यात बोट मासा वाहून नेत पण नाही. बोटींसाठी कालवा खणला की जी पाणी कधी एकमेकांना भेटली नव्हती ती भेटतात. मासा मग स्वतःच्या पंखांनी जातो.

हे खरोखर कुठे झालंय की नुसती भीती?

झालंय, आणि तारखांसकट. अमेरिका आणि कॅनडाच्या मधे जी पाच मोठी तळी आहेत ना, ग्रेट लेक्स, ती याची शाळाच समजा.

तिथे नायगारा धबधब्यामुळे खालचं काही वर जाऊ शकत नव्हतं. मग धबधब्याला वळसा घालून बोटी नेता याव्यात म्हणून वेलँड कालवा काढला, १८२९ साली तो सुरू झाला, पुढे तो मोठा पण केला. सी लॅम्प्रे म्हणून एक वामसारखा लांबडा जीव आहे, जबडा नाही, गोल तोंडात दातांच्या रांगा, दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पितो. हा १९२१ साली धबधब्याच्या वरच्या एरी तळ्यात सापडला आणि पुढच्या वीसेक वर्षांत वरची सगळी तळी धरली. तिथला लेक ट्राउट मासा, ज्याच्यावर मच्छीमारांची घरं चालायची, तो बहुतेक तळ्यांतून जवळजवळ संपला.

मग १९५९ साली सेंट लॉरेन्स सीवे उघडला, म्हणजे समुद्रातली मोठी जहाजं थेट आत तळ्यांपर्यंत. १९८८ साली तिथे झेब्रा शिंपला सापडला, काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या भागातला. आणि दोन वर्षांनी, १९९० साली, त्याच भागातला राउंड गोबी मासा सेंट क्लेअर नदीत सापडला, तो झेब्रा शिंपले फोडून खातो. म्हणजे जेवण आधी पाठवलं आणि जेवणारा मागून आला! वीतभर लांबीचा, काय ताकद असणार असं वाटतं, पण मादी एका मोसमात अनेकदा अंडी घालते, नर घरटं सोडत नाही, कोणी जवळ आला तर अंगावर जातो. पाचेक वर्षांत पाचही तळ्यांत.

युरोपात तर याच गोबीचे जातभाई बोटींच्या रस्त्याने चालत गेल्यासारखे गेले. डॅन्यूब काळ्या समुद्राला मिळते, ऱ्हाइन उत्तर समुद्राला, दोघींचं काही नातं नाही. १९९२ साली १७१ किलोमीटरचा कालवा पूर्ण करून दोन्ही जोडल्या, मालवाहतुकीसाठी. त्यानंतर काळ्या समुद्राकडचे गोबी ऱ्हाइनमध्ये यायला लागले.

तो उडी मारणारा मासा, व्हिडिओतला, तो पण जहाजातून गेला का?

नाही, आणि इथेच लोकांची गल्लत होते. तो सिल्व्हर कार्प. अमेरिकेत १९७० च्या दशकात मुद्दाम आणला, तळ्यातलं पाणी साफ ठेवायला आणि खायला, दक्षिणेकडच्या तळ्यांमध्ये. तिथून निसटला, मिसिसिपीत शिरला आणि वर इलिनॉय नदीपर्यंत चढला. बोटीच्या इंजिनाच्या आवाजाला बिचकून पाण्याबाहेर उडतात, बोटीतल्या माणसांची नाकं फुटलीयत. आता त्याच्या आणि ग्रेट लेक्सच्या मधे काय, तर शिकागोचा जहाजांचा कालवा, १९०० साली काढलेला. तिथे पाण्यात वीज सोडणारे अडथळे लावलेत, पहिला २००२ साली चालू झाला. गंमत म्हणजे तो मुळात गोबीला तळ्यातून खाली नदीत जाण्यापासून रोखायला ठरवलेला, पण तो चालू होईपर्यंत गोबी पुढे निघून पण गेला होता. आपल्याकडच्या पुलाच्या कामासारखंच झालं म्हणा.

माझा मुद्दा असा की सोडला माणसाने, तळ्यातून. बोटींच्या रस्त्याने त्याला पुढची वाट दिली. हे लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

मुरगावला एवढी जहाजं येतात, मग आपल्याकडे असे मासे उतरत असणार ना?

हिशेब तर तसाच वाटतो. खाणी जोरात होत्या तेव्हा, २०१०-११ च्या सुमाराला, वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज गोव्यातून बाहेर जायचं. न्यायला येणारी जहाजं रिकामी यायची, म्हणजे पोटात बॅलास्टचं पाणी घेऊन, आणि इथे खनिज भरताना ते पाणी सोडून. तेव्हा समुद्री जीवांच्या बाबतीत हा धोका खराच आहे, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक बंदरांमधल्या अशा परक्या जीवांवर कितीतरी वर्षं काम करतायत.

पण गोड्या पाण्याच्या माशाचं गणित वेगळं. मुरगाव बंदर खाऱ्या पाण्यात आहे. ग्रेट लेक्समध्ये गोबी का जगला, तर गोड्या-मचूळ पाण्यात चढला आणि गोड्या पाण्यातच उतरला. इथे उतरला तर समोर समुद्र. त्यात आता जहाजांना नियम आहेत: बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला, ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. आधीची पद्धत अशी की किनाऱ्यापासून निदान २०० सागरी मैल लांब, २०० मीटरपेक्षा खोल पाण्यात जाऊन टाकीतलं पाणी बदलायचं, म्हणजे गोड्या पाण्यातले जीव खाऱ्याने मरतात आणि किनाऱ्यावरचे खोल समुद्रात जगत नाहीत. आता तर जहाजावरच पाणी गाळून, अतिनील किरण वगैरे लावून साफ करायची यंत्रं लागतात.

मग मांडवी-जुवारीतल्या बार्जींचं काय?

हा खरा आपला प्रश्न. आपल्या बार्जी परदेशात जात नाहीत, उसगाव, आमोणे, सावर्डे असल्या जेटींवरून माल भरायचा आणि बंदरात नाहीतर नांगर टाकलेल्या जहाजात ओतायचा, परत रिकामं वर. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालू, २०१८ ला परत बंद, आता लिलावानंतर काही सुरू झाल्यायत. तर या बार्जी बाहेरचा मासा आणत नाहीत. पण आत आलेल्याला इकडून तिकडे नेऊ शकतात का? इथे मला आपल्या नद्यांची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे.

आपल्या गावाला जसा राखणदार असतो ना, तसा आपल्या नद्यांना एक राखणदार आहे, तो म्हणजे खारं पाणी. मांडवी आणि जुवारी या उन्हाळ्यात अर्ध्या खाऱ्याच असतात, भरतीचं पाणी कितीतरी किलोमीटर आत शिरतं. फक्त गोड्या पाण्यात जगणारा मासा वाळवंटी नदीत (मांडवीला मिळते ती) सुटला तर तो वर राहील, पण खाली येऊन, मांडवीच्या मुखातून समुद्राला वळसा घालून जुवारीत चढू शकणार नाही, वाटेत खाऱ्याने मरेल. प्रत्येक नदी म्हणजे वेगळं बंद घर.

पण हा राखणदार चार महिने रजेवर जातो. जुलै-ऑगस्टात पणजीच्या जेटीवरून मांडवीचं पाणी बघा, लाल गढूळ, वरच्या थरात तर जवळजवळ गोडं. त्याच दिवसांत मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या बाजूला, वाळूचा पट्टा आणि लाटा यामुळे बोटींना बाहेर पडणं धोक्याचं, म्हणून पावसाळ्यात बार्जींचा रस्ता ठरलेला, कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगाव. म्हणजे ज्या वेळी पाणी गोडं त्याच वेळी दोन नद्यांना जोडणारा रस्ता वापरात. मासा हुशार असायची गरजच नाही, वेळ जमून येते.

हे तिन्ही रस्ते २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झालेत बरं का, कुंभारजुवे २७ नंबर, मांडवी ६८, जुवारी १११. तेव्हा वाहतूक वाढवायच्या गोष्टी होतात तेव्हा कोळशाबरोबर हा पण प्रश्न कोणीतरी विचारावा असं मला वाटतं.

पण खारं पाणी सोसणारा मासा आला तर?

आलाच आहे. तिलापिया. देशावर चिलापी म्हणतात. आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला, लवकर वाढतो, गरिबांना स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून. हेतू चांगला होता. पण मोझांबिक तिलापियाला गोडं चालतं, मचूळ चालतं, पूर्ण समुद्राचं पाणी चालतं, त्याच्यापेक्षा खारट मिठागरात पण तो जगतो. राखणदार त्याला ओळखतच नाही!

आणि मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसला की परत तोंडात. मी एकदा खाजनाच्या (खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेतं) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ, बसून बघितलंय, ओहोटीला पाणी उतरत होतं, कडेला तीन बोटं पाण्यात एक मादी आणि तिच्याभोवती धुरासारखा पिल्लांचा पुंजका, माझी सावली पडली आणि पुंजका गायब, गालफडं फुगलेली. असलं पोर सांभाळणारं कोण असेल तर त्याला संपवणार कसं?

मार कोणाला बसतो, तर आपल्या काळुंद्राला. दोघं एकाच जागचे, उथळ मचूळ पाणी, तळाशी घरटं. काळुंद्रं पण नवरा-बायको दोघं मिळून पिल्लं राखतात, पण जागेसाठी भांडणाऱ्या तिलापियांची गर्दी झाली की ती हटतात. मानशीच्या लिलावात ज्यांनी पैसे घातलेत त्यांना विचारा, जाळ्यात काळुंद्र, शेवटे, चोणक किती आणि हे किती. बाजारात दोघांच्या दरात किती फरक आहे ते वेगळं सांगायला नको.

आणि तुमच्या ओहळात सापडला तो?

तो सकर, क्लीनर, प्लेको, दुकानात काय वाट्टेल ते नाव. दक्षिण अमेरिकेतला. दुकानात दोन बोटांएवढा असतो, टाकीतलं शेवाळ खातो म्हणून घेतात, नंतर दीड फूट होतो आणि टाकीत मावत नाही. उजनीकडे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांची तो वाट लावतो, काटेरी पंख अडकले की जाळं फाडूनच काढावा लागतो. वाराणसीजवळ गंगेत पण सापडलाय.

मला त्याची भीती वेगळ्याच कारणाने वाटते. हा मासा काठाच्या मातीत हातभर खोल बिळं करून अंडी घालतो. जिथे वाढलाय तिथे काठ ढासळलेत. आता विचार करा, आपली खाजनं कशावर उभी आहेत? मातीच्या बांधावर. आधीच बार्जींच्या लाटांनी बांध खचतात म्हणून शेतकऱ्यांचं वर्षानुवर्षं रडगाणं आहे, खेकडे भोकं पाडतात ते वेगळं. समाधान एवढंच की हा तिलापियासारखा खाऱ्याचा पक्का नाही, मचूळ पाणी काही दिवस सोसतो, कायमचं नाही. म्हणजे खालच्या खाजनांना उन्हाळ्यात राखणदार आहे, वरच्या गोड्या पाण्याच्या बांधांना नाही.

आणि पाणी आटलं तर हवा गिळून जगतो, पोटानेच श्वास घेतो. त्या रात्री ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला होता, सकाळी जिवंत.

मांगूर खातात तो हाच का?

नाही. तो आफ्रिकन मांगूर, मिशावाला, आपल्या देशी मांगूरचा दांडगा नातेवाईक, समोर येईल तो मासा खातो. केंद्राने २००० सालीच बंदी घातलीय तरी चोरून पाळतात. पुरात तळं फुटलं की नदीत.

विहिरीत डासांसाठी गप्पी सोडतात ते पण चुकीचं?

बंद विहिरीत, टाकीत ठेवलेत तर एवढं काही नाही. ओहळात, शेतात, तळीत सोडू नका. गंबूसिया हा गप्पीसारखाच बारका मासा तर १९२८ पासून भारतात आहे डासांच्या नावाने, आणि तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची आणि माशांची पिल्लं पण कुरतडतो. गंमत म्हणजे आपल्याच ओहळात एक बारका मासा आहे, डोक्यावर चंदेरी ठिपका, पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो, लहानपणी आपण ओंजळीत धरायचो तो. तो पण अळ्या खातो. गोव्यात १९९० च्या दशकात मलेरियासाठी याच जातकुळीतला मासा वापरून बघितला होता, काम झालं होतं. घरचा असताना बाहेरचा कशाला.

तिळारीच्या कालव्यातून मासे येऊ शकतात का?

येऊ शकतात. तिळारी नदी खाली गोव्यात येऊन शापोरा होते, म्हणजे ती एक नदी. पण कालवा तिचं पाणी डिचोली, बार्देशात नेतो, अस्नोड्यापर्यंत, म्हणजे मांडवीच्या बाजूला. दोन बंद घरांच्या मधे दार पाडलं, आणि हे दार तर पूर्ण गोड्या पाण्याचं, राखणदाराचा पत्ताच नाही. धरणात कोणी काय सोडलं ते त्यामुळे आपल्या डोक्याला लागतं. म्हादईचं (म्हणजे वरच्या मांडवीचं) पाणी कर्नाटकातल्या मलप्रभेत वळवायचा जो वाद चाललाय त्यात पण हाच मुद्दा उलट दिशेने आहे, पाणी तिकडे गेलं तर आपल्या सह्याद्रीतल्या नदीतले जीव कृष्णेच्या खोऱ्यात जातील. पाण्याच्या हिश्श्यावर एवढं भांडण होतं पण माशांचं नाव कोण काढत नाही.

मग दोष बोटींचा की आपला?

मगाशी म्हटलं होतं ना परत येईन. ग्रेट लेक्समध्ये दोष जहाजांचाच. आपल्याकडे सुरुवात आपल्या बादलीतून होते. १९७१ साली हिमाचलात पुरामुळे मत्स्यबीज केंद्रातला सिल्व्हर कार्प गोविंदसागर जलाशयात गेला, पुढे तिथला कटला मागे पडला. २०१८ च्या केरळच्या पुरानंतर चालकुडी नदीत अरापायमा सापडले, ॲमेझॉनचा मासा, माणसाएवढा होतो! जहाजातून थोडाच आला, कोणाच्या तरी तळ्यातून.

पण म्हणून बोटींचा रस्ता सुटत नाही. बादलीने एका ओहळात सोडलं तर एका ओहळाचा प्रश्न. पुढचा कालवा, बार्ज, पावसातलं गोडं पाणी मिळालं की गोव्याचा प्रश्न.

कुंभारजुव्यात मगरी आहेत, त्या खातील की!

खातात, मगर काय नाही खात. पण तिलापियाची एक मादी महिना-दीड महिन्याने परत अंडी घालते, मगर तशी जेवत नाही. तिकडे बोरी-दुर्भाटच्या बाजूला पौषातल्या अमावास्येला चिकणमातीची मगर करून पुजतात, मांगे थापणी, बांध राखावेत म्हणून. तिच्यावर अजून हे काम टाकू नका.

हॉटेलात बासा मिळतो तो पण धोकादायक का?

ताटातला नाही. तो गोठवून येतो. इसवण (सुरमई) म्हणून बासा गळ्यात मारतात तो वेगळा धोका.

खाऊन संपवता येतील का?

तिलापिया खा, चांगला लागतो, काटे कमी, तिखट आमटीत कोणाला कळणार पण नाही. मानशीत सापडलेला परत पाण्यात टाकायचा नाही एवढी सवय लागली तरी पुष्कळ. पण खाऊन संपणार नाही. उलट मागणी वाढली की कोणीतरी मुद्दाम पाळायला लागतो आणि तळं परत नदीच्या काठाला. सकरचं तर कवच सोलून हातात मूठभर मांस येतं, आणि तळाचा गाळ चाटणारा मासा खाणीच्या, सांडपाण्याच्या नदीतला असेल तर मी तरी खाणार नाही.

एकदा आला की काढता येतो का?

मोठ्या नदीतून, विसरा. लॅम्प्रेसाठी अमेरिकेत हजारो रसायनं तपासली, एक सापडलं जे त्याच्या पिल्लांना मारतं आणि बाकीच्या माशांना सहसा नाही, १९५८ पासून ते ओढ्यांमध्ये घालतायत, आजही घालतात. लॅम्प्रे खूप कमी झाला, पण थांबले की परत वाढतो.

छोट्या तळीत मात्र आपल्याला संधी असते, आणि ती एप्रिल-मे मध्ये. पाणी कमी, मानस बंद करून तिच्या आतली पोय (साठलेल्या पाण्याचा डोह) उपसता येते, मग जाळं फिरवा, परके वेगळे काढा, आपले परत सोडा. गावात तळी साफ करायची ठरवतातच, पावसाच्या तोंडावर घाईत करण्यापेक्षा महिनाभर आधी केली आणि निघालेला गाळ-पाणी ओहळात ढकललं नाही तर दोन कामं एका खर्चात.

मी होडी, कायाक घेऊन वेगवेगळ्या नद्यांत जातो, काही करायला पाहिजे?

हो, तळाचं पाणी तिथेच ओता, जाळी आणि दोऱ्या कडक उन्हात वाळवा, गरीला लावायला आणलेले जिवंत मासे दुसऱ्या नदीत सोडू नका. दहा मिनिटांचं काम.

विचित्र मासा सापडला तर कोणाला सांगू?

आधी फोटो: वरून, बाजूने, आणि तोंडाचा खालून, शेजारी पट्टी नाहीतर काडेपेटी ठेवून म्हणजे आकार कळतो. कुठल्या ओहळात, कुठल्या दिवशी, पाणी गोडं की मचूळ हे लिहा, चाखून बघायची गरज नाही, आजूबाजूच्या माणसांना माहीत असतं. मग मत्स्योद्योग खात्याला किंवा साळगावच्या जैवविविधता मंडळाला कळवा, जुने गोव्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) संस्था पण आहे. पंचायतीत जैवविविधता समिती असते, कागदावर तरी, तिला पण द्या. आणि मासा परत पाण्यात टाकू नका, एवढं तरी.

टाकीतला मासा मोठा झालाय, दुकानदार परत घेत नाही, काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मी एका रंगीत माशांच्या दुकानात गिऱ्हाईक बनून हेच विचारलं होतं, तो माणूस हसत म्हणाला, नदीत सोडा की, पुण्य लागेल! पुण्य नाही लागत. मोठी टाकी असलेला दुसरा पाळणारा शोधा, असे ग्रुप आहेत. नाहीच कोणी तर पाण्यात लवंगेचं तेल मिसळून त्याला गुंगीतच मरू द्यावा, थोड्याने नुसती गुंगी येते म्हणून पुरेसं घाला आणि हालचाल थांबल्यावर पण बराच वेळ त्याच पाण्यात राहू द्या. ऐकायला निष्ठुर वाटतं, मला पण वाटलं. आणि पुढच्या वेळी घेताना विचारा, हा मोठा झाला की केवढा होतो.

तुम्ही धरलेल्या त्या माशाचं शेवटी काय झालं?

बहिणीचा मुलगा मागत होता, टाकीत ठेवतो म्हणून. त्याची टाकी दोन फुटांची. काकांनी त्याला विचारलं, आणि चतुर्थीला तुम्ही आठ दिवस गावी आलात तर याला खायला कोण घालणार, तेव्हा कुठे सोडशील? पोरगा काही बोलला नाही. काकांनी तो माडाच्या मुळात पुरला. पुढच्या जूनमध्ये त्याच बांधाला अजून दोन सापडले, एक बोटाएवढा.